श्रावणातलं रीडिंग

मे महिन्याच्या १२ तारखेला दुपारी अडीचच्या सुमारास फोन आला. हिंगणा एमआयडीसीच्या मागच्या बाजूला गेट-ग्रिल बनवणारी एक शेड आहे, तिथल्या मालकाचा.

"भाऊ, पोरगा कूलरला चिकटला. दवाखान्यात नेला, पण गेला. आता इलेक्ट्रिकलचे साहेब येऊन राहिले. त्याच्या आधी येऊन तेवढा डब्बा पाहून घ्या न."

डब्बा म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड. आणि 'पाहून घ्या' म्हणजे काय, ते या धंद्यात २२ वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. याच शेडचं अर्थिंग आणि इन्सुलेशन मी गेल्या ऑगस्टमध्ये तपासलं होतं आणि रिपोर्टवर माझी सही होती. वाडी नाक्यापर्यंत गाडी चालवताना डोक्यात एकच आकडा होता, २.८ ओहम. तेव्हा आलेलं अर्थिंगचं रीडिंग, जितकं कमी तितकं चांगलं.

शेडमध्ये पोचलो तेव्हा कूलर तिथेच होता. नागपुरात सगळीकडे असतो तसा, पत्र्याचा, तीन बाजूंनी ताट्या. टाकीत पाणी भरायचा पाइप जमिनीवर तसाच पडलेला. पोरगा बालाघाटकडचा, १९ वर्षांचा. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या आणि ओल्या फरशीवर उभा राहून टाकी भरत होता. पंपाची वायर टाकीच्या काठावर घासून सोललेली आणि पत्र्याला टेकलेली.

मालक बोर्डाकडे घेऊन गेला. झाकण मी उघडलं, पण आत हात घातला नाही. आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, जागेवर होता, हँडल वर, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला चालू. पण त्याला एकही वायर नव्हती. आत येणारे दोन्ही वायर सोडवून बाहेर जाणाऱ्यांना थेट पिळून जोडले होते, वरून काळी टेप. टेपचं टोक नीट दाबून बसवलेलं होतं. कोणी तरी हे काम सावकाश, मन लावून केलं होतं.

"एप्रिलपासून सारखा ट्रिप होऊन पडून राहिला होता," मालक म्हणाला. "कूलर लावला की पडे. काम बंद होई. म्हणून वायरमनकडून डायरेक्ट करून घेतला."

कूलर लावला की पडे, म्हणजे तो मशीन महिनाभर सांगत होता की पंपात करंट उतरतोय. ३० मिलिअँपिअरला तुटणारा तो आरसीसीबी माणूस चिकटायच्या आत लाइन तोडतो, आणि त्यालाच लोक 'त्रास' म्हणतात. हे मी गेल्या १० वर्षांत किमान ४० बोर्डांत पाहिलं असेल. ज्याने हे केलं तो परवाना नसलेला माणूस. दोनशे रुपयांत आला आणि गेला.

मालक माझ्या हाताकडे पाहत होता. मी झाकण परत लावलं आणि म्हणालो, "मी काही हात लावत नाही. साहेबांना हे असंच दिसलं पाहिजे." तो काही बोलला नाही. त्याच्यावर मला राग आला होता, आजही आहे. पण पोराच्या घरी फोन त्यानेच केला होता आणि तेव्हापासून त्याने पाण्याचा घोट घेतला नव्हता, हेही मी पाहिलं.

विद्युत निरीक्षक साडेपाचला आले. विद्युत अधिनियम २००३च्या कलम १६१खालची चौकशी. मी माझा अर्थ टेस्टर गाडीतच ठेवला होता, तो त्यांच्यासमोर लावला. दोन खुंट्या जमिनीत ठोकायच्या होत्या, पण जमीन खुंटी घेईना. इकडची काळी माती मे महिन्यात फाटते. अर्थ पिटचं, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याचं, झाकण काढलं तर पाइप आणि माती यांच्यात बोट सरळ आत जाईल एवढी फट. कोळसा सुकून भुगा झालेला, पाणी ओतायच्या फनेलमध्ये कोळ्याचं जाळं. ऑगस्टपासून तिथे कोणी बादलीभर पाणीसुद्धा टाकलं नसेल.

रीडिंग आलं ४६ ओहम.

हिशेब साधा आहे. २३० भागिले ४६, पाच अँपिअर. कूलरला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला पडणारा स्विच, होता. पाच अँपिअरने तो कधीच पडणार नाही. पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज उभं आणि एमसीबी शांत. श्रावणातल्या २.८ ओहमला तो निदान काही सेकंदांनी तरी पडला असता. एरवी आरसीसीबीच वाचवतो, आणि तो तर नुसता शोभेला होता.

मी साहेबांना माझा ऑगस्टचा रिपोर्ट दाखवला आणि सांगितलं की हे रीडिंग मी भर पावसाळ्यात घेतलंय. त्यांनी शांतपणे वाचला. चांगले माणूस आहेत, घाई करत नाहीत. म्हणाले, "रिपोर्ट नियमात आहे. तुमच्यावर काही येत नाही."

हेच माझ्या डोक्यातून जात नाही. नियतकालिक तपासणीचं अंतर पाच वर्षांपेक्षा जास्त नको, एवढं झालं की भागलं. पण १९५६च्या विद्युत नियमांत एक वाक्य होतं, तेच पुढे २०१०च्या नियमांतही आलं: वीज पुरवणाऱ्याचं अर्थिंग दोन वर्षांतून एकदा तरी, कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी तपासायचं. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना माती कळत होती. मग तेच शब्द ग्राहकाच्या अर्थिंगला, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या पोराच्या अर्थिंगला का नाहीत? नियम बदलायचे तर मला आधी हे एक वाक्य बदललेलं हवं आहे.

दुसरं, बोर्ड डायरेक्ट केलेला दिसला तर मी ते कुणाला कळवायचं? ग्राहकाच्या तोंडावर सांगतो, रिपोर्टात लिहितो, आणि तो रिपोर्ट ग्राहकाच्याच कपाटात जातो. अपघात झाला की २४ तासांत कळवायचं बंधन आहे. अपघात होणार हे डोळ्यांना दिसत असताना मात्र काही नाही. कामगारांच्या बाजूने पाहावं, तर २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेली नवी सुरक्षा संहिता साधारण १० कामगारांपासून सुरू होते आणि कारखाना म्हणायला वीज वापरणारे २० लागतात. धोकादायक म्हणून अधिसूचित केलेलं काम असेल तर गोष्ट वेगळी. या शेडमध्ये मस्टरवर सात जण होते. हिंगण्यात, कळमेश्वरात अशा सात-आठ माणसांच्या शेडा गल्लीगल्लीत आहेत आणि प्रत्येकीत पत्र्याचा कूलर आहे.

त्या रात्री घरी येऊन मी जुन्या रिपोर्टांची फाइल काढली. जुलै ते सप्टेंबरमध्ये तपासलेल्या १७ जागा निघाल्या. सगळी रीडिंगं सुंदर, दोन-तीन ओहमच्या घरात. दुसऱ्या दिवसापासून एकेकाला फोन लावले की पैसे नकोत, फक्त पिट उघडू द्या. दोघांनी सरळ नाही म्हटलं. एकाने विचारलं, "रिपोर्ट तर देऊन राहिले होते ना, मग आता काय झालं?" त्याला मी हा ४६चा आकडा सांगितला, मग गेट उघडलं.

आजवर आठ झाल्या. त्यांतल्या पाच जागी रीडिंग २० ओहमच्या वर, तीन जागी आरसीसीबी डायरेक्ट. ते तीन मी तिथेच उभं राहून परत जोडले.

आज नवतप्याचा, मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, चौथा दिवस. मृग लागायला ११ दिवस आहेत आणि नाही म्हणणारे ते दोघे धरून यादीत अजून नऊ.