ट्रॅकिंग रडार विमानाकडे तिरकं का बघतं

आकाशात कुठेतरी विमान आहे हे कळणं वेगळं आणि एकाच विमानावर सतत नजर रोखून ठेवणं वेगळं. पहिलं काम गोल फिरणारं टेहळणीचं रडार करतं. दुसऱ्यासाठी ट्रॅकिंग रडार लागतं, आणि त्यात रेडिओ लहरींचा झोत थेट विमानावर रोखून भागत नाही. झोताच्या मध्यावर विमानावरून परतणारा प्रतिध्वनी सर्वात जोरकस असतो खरा, पण विमान डावीकडे सरकलं तरी तो कमी होतो आणि उजवीकडे सरकलं तरी तेवढाच. मग डिश वळवायची कुठल्या बाजूला?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत घडलेल्या एससीआर-५८४ या विमानविरोधी तोफांच्या रडारमध्ये याचं उत्तर चक्क एका मोटरने दिलं. तरंगलांबी १० सेंटिमीटर, डिश सुमारे १.८ मीटर, झोताची रुंदी साधारण ४ अंश. म्हणजे १० किलोमीटरवर हा झोत ७०० मीटर रुंद होतो. एवढ्या ढोबळ माहितीवर तोफ डागता येत नाही. म्हणून झोत डिशच्या अक्षापासून, म्हणजे तिच्या नाकासमोरच्या रेषेपासून, किंचित कलता ठेवून सेकंदाला ३० वेळा फिरवला जाई. विमान बरोबर अक्षावर असेल तर प्रतिध्वनी एकसारखा येतो. बाजूला असेल तर तो सेकंदाला ३० वेळा वरखाली होतो. हा चढउतार किती खोल, त्यावरून चूक किती ते कळतं. फेरीत नेमक्या कुठल्या क्षणी तो शिखरावर येतो, त्यावरून चुकीची दिशा. मोटरच्याच दांड्यावरचा छोटा जनरेटर तुलनेसाठी संदर्भ पुरवतो. चुकीचा हा सिग्नल सर्व्होला, म्हणजे डिश वळवणाऱ्या यंत्रणेला, मिळतो आणि डिश वळते. कोन यामुळे सुमारे ०.०६ अंशापर्यंत नेमका मिळे.

अंतराचं गणित सोपं: रडारचा पल्स, म्हणजे लहरींचा छोटा ठोका, जाऊन परत यायला लागलेला १ मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर. अंतर राखायला दोन लागोपाठचे गेट, म्हणजे रिसीव्हर ऐकतो ते वेळेचे छोटे तुकडे, असतात; प्रतिध्वनीचा पुढचा भाग पहिल्यात आणि मागचा दुसऱ्यात पडतो. दोन्हीतली ऊर्जा सारखी झाली की जोडी बरोबर मध्यावर आहे असं समजायचं. एकात जास्त भरली, तर जोडी त्या बाजूला सरकवायची.

नवशिक्यांची फसगत बहुतेकदा ऑटोमॅटिक गेन कंट्रोलमध्ये होते. गेन म्हणजे रिसीव्हर सिग्नल किती पट वाढवतो ते. अंतर निम्मं झालं की प्रतिध्वनी १६ पट वाढतो, म्हणून गेन आपोआप कमी व्हायलाच हवा. पण हे सर्किट फार चपळ ठेवलं तर ते ३० हर्ट्‌झचा चढउतारच सपाट करून टाकतं, आणि डिशला वाटतं सगळं ठीक आहे. फार सुस्त ठेवलं तर जवळ येणाऱ्या विमानाने रिसीव्हर तुंबतो.

विमानाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांमुळे प्रतिध्वनी ३० हर्ट्‌झच्या आसपास थरथरला, तरी खोटी चूक तयार होते. शत्रूने तर हीच युक्ती मुद्दाम वापरली: झोत आपल्यापासून दूर असताना जोरात सिग्नल परत पाठवायचा, म्हणजे डिश उलट्या बाजूला वळते. यावरचा इलाज मोनोपल्स. यात चार हॉर्न, म्हणजे भोंग्याच्या आकाराचे अँटेना, एकाच पल्सचा प्रतिध्वनी एकाच वेळी घेतात. त्यांची बेरीज आणि वजाबाकी करून चूक तिथल्या तिथे काढली जाते. पल्स-पल्समधला चढउतार गणितातून बाहेर पडतो. किंमत एवढीच, की बेरजेच्या आणि वजाबाकीच्या चॅनेलमधली फेज, म्हणजे लहरींच्या चढउताराचा मेळ, जुळलेली राहिली पाहिजे. ती घसरली की चूक शून्य नसताना शून्य दिसते.

मोनोपल्सनेही सगळी दुखणी जात नाहीत. समुद्रावरून कमी उंचीवर येणारं विमान पाण्यातल्या आपल्या प्रतिबिंबासकट दिसतं आणि दोन्ही एकाच झोतात आली की उंचीचा कोन हेलकावे खातो. तिथे अनुभवी माणसं उंचीचा सर्व्हो एका मर्यादेखाली जाऊच देत नाहीत. झोत क्षितिजाच्या थोडा वरच रोखून ठेवतात. अगदी जवळ आलेल्या विमानाचे पंख, शेपूट, इंजिन हे सगळे वेगवेगळे परावर्तक एकमेकांत मिसळतात, आणि भासमान केंद्र कधीकधी चक्क विमानाच्या बाहेर पडतं. दूरवर रिसीव्हरचा गोंगाट छळतो, जवळ भासमान केंद्राची ही उडी, म्हणजे लकाकी. सर्वात नेमका माग मधल्या अंतरावर मिळतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं.

राहिला प्रश्न डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा. २०० मीटर प्रति सेकंद वेगाचं विमान जमिनीवरच्या मापाने १ किलोमीटर बाजूने गेलं, तर डिशला क्षितिजसमांतर दिशेत सेकंदाला साडेअकरा अंश वळावं लागतं. तेच १०० मीटर बाजूने गेलं, तर ११५ अंश. टनभर वजनाची डिश एवढ्या झपाट्याने फिरत नाही, माग तुटतो. मग संगणक शेवटच्या ज्ञात वेगावरून पुढची जागा अंदाजाने चालवत राहतो आणि पलीकडे विमान पुन्हा झोतात सापडेल अशी आशा ठेवतो. विमानाने मधेच वळण घेतलं, तर गेट रिकाम्या आकाशावरून सरकत जातात. श्रीहरिकोट्याचं इस्रोचं बहुलक्ष्य रडार झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवतं आणि एकाच वेळी १० वस्तूंचा माग ठेवतं; एका वस्तूकडून दुसरीकडे झोत नेताना तिथे वजन हलवावं लागत नाही.