उतारावरचं फुकटचं बसणं

सायकल उतारावर सोडली की मागच्या चाकातून जी टिकटिक येते, ती ऐकायला मला अजून आवडते. फ्रीव्हीलच्या पोटातली बारीक कुत्री, म्हणजे खटके, पायडल मारताना दात धरून ठेवतात आणि पाय थांबले की त्याच दातांवरून घसरत वाजत राहतात. चाक पळतं, आपण बसतो. पंचगंगेच्या घाटाकडं उतरताना पाय न हलवता, एक हात हँडलवरून काढून, कट्ट्यावरच्या ओळखीच्याला "काय, जेवला का?" विचारत जाणं हा कोल्हापुरातला वाहतुकीचा नियमच म्हणायला हरकत नाही.

माझ्या सध्याच्या सायकलीत ही सोय नाही. तिला फ्रीव्हीलच नाही. मागचा दातेरी चकरा हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, घट्ट बसवलेला आहे. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय. त्यात तडजोड नाही.

सायकल मूळची आतेभावाची. बारा गिअरची, वाकड्या हँडलची रेसर, कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. गिअरच्या वायरी गंजून गेलेल्या, पण फ्रेम पोलादी आणि सरळ. मुख्य म्हणजे मागचं चाक जिथं बसतं त्या खाचा आडव्या. त्या उभ्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. गिअर काढले की चेनचा ढिलेपणा ओढून धरणारी मागची लोंबती यंत्रणा जाते, मग चाकच खाचेत मागं सरकवून चेन ताणावी लागते. आजच्या गिअरवाल्या सायकलींत बहुतेक खाचा उभ्या असतात, चाकाला एकच जागा. त्यामुळं या उद्योगाला जुनी रेसर बरी पडते.

मंगळवार पेठेतल्या आमच्या सायकल मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. त्यांनी आधी सायकलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लोकं गिअर बसवून घ्यायला येत्यात, आन् तुमी काढायला आलाय?"

"हो."

"तुमच्या वयाची माणसं आता ब्याटरी बसवून घेत्यात, सर."

वयाचा मुद्दा तसा जुनाच आहे. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं की बदलते गिअर हे पंचेचाळिशीपुढच्यांसाठी. त्यांच्या शर्यतीत सगळ्या स्पर्धकांना डिरेलरची, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, मुभा मिळायला १९३७ उजाडलं. हे मामांना ऐकवलं असतं तर "त्यो कुठल्या तालमीचा?" असं त्यांनी नक्की विचारलं असतं, म्हणून गप्प राहिलो.

गिअर उतरवायला मामांना चहा येईपर्यंतचा वेळ पुरला. खरं काम त्यानंतरचं. जुन्या हबवर नुसता घट्ट चकरा चढवून भागत नाही, कारण त्यावरचे आटे एकाच दिशेचे असतात. पुढं पायडल मारलं की चकरा आवळत जातो हे ठीक, पण या सायकलीत वेग कमी करायला पाय मागं रेटावे लागतात, आणि तसं रेटलं की तोच चकरा सुटायला लागतो. म्हणून खास हबवर चकऱ्यासाठी उजवे आटे आणि त्याच्या बाहेर, जरा लहान व्यासाचे, डावे आटे पाडलेले असतात. डाव्या आट्यांवर एक रिंग बसते. चकरा सुटायला बघेल त्या दिशेला ती रिंग आवळली जाते. म्हणजे पळायला निघालेल्याला दारातला माणूसच आत ढकलतो. मला हे चित्र काढून समजवावं लागेल असं वाटत होतं, पण मामांनी रिंग हातात घेऊन एकदाच फिरवली आणि म्हणाले, "डाव्या पायडलासारखं उलटं हाय की." डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं हे सायकलीच्या दुकानातल्या पोराला पहिल्याच आठवड्यात कळतं, बहुधा पाना उलटा ओढून शिव्या खाल्ल्यावर.

हब मागवला तो १२० मिलिमीटर रुंदीचा. फ्रेममधली जागा १२६. दोन्ही बाजूंना तीन-तीनची फट. मामांच्या भाषेत, हिकडं एक सूत, तिकडं एक सूत. तेवढ्या जाडीचे वायसर उद्यमनगरात लेथवर फिरवून घेतले. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घरचा घरी घडवला, तिथं वायसर विकत कोण आणतो? लेथवाल्यानं पैसे घेतले नाहीत. सायकल तयार झाली की दाखवायला आणा, एवढीच अट घातली. चेन दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीची, तीही रुंदीला एक सूत. अख्ख्या जोडणीत सगळ्यांत स्वस्त वस्तू तीच, आणि सगळ्यांत बिनतक्रार.

पुढची चकती ४२ दातांची ठेवली, मागं १७. मागं १४ घेतले असते तर ४२ ला पूर्ण भाग गेला असता, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे नेमके तीन, आणि पाय आवळून चाक घसरवत थांबताना टायर दरवेळी एकाच जागी घासून तिथंच भोक पडलं असतं. १७ नं भाग जात नाही, त्यामुळं ती झीज टायरभर सतरा ठिकाणी वाटली जाते. शाळेत मसावि-लसावि शिकवणाऱ्या गुरुजींनी हे उदाहरण दिलं असतं तर निदान मागच्या बाकावर तरी लक्ष दिलं गेलं असतं.

पुढचा ब्रेक मात्र ठेवलाय. लाकडी ट्रॅकवर शर्यती करणारे बिनब्रेकचे फिरतात, पण त्यांच्या ट्रॅकवर म्हशी आडव्या येत नाहीत.

चालवायला लागल्यावर कळतं की आपल्या किती सवयी त्या फ्रीव्हीलवर उभ्या आहेत. डावा पाय पायडलवर, उजव्यानं जमीन ढकलत चार पावलं, मग टांग टाकायची, ही आपल्या वडीलधाऱ्यांची ऐटबाज चढण्याची तऱ्हा इथं अशक्य. पायडल पायाला घेऊन वर निघतं. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत आपण सगळे शिकलो, तेही या सायकलीवर जमलं नसतं. खड्डा आला की पायडलं आडवी धरून उभं राहणं नाही. वळणावर आतलं पायडल वर ठेवणं नाही, ते त्याच्या पाळीनं खाली येणारच. आणि रंकाळ्यावर कुणी भेटला तर त्याच्या चालीनं गप्पा मारत जाताना माझे पाय आपले खाली-वर, खाली-वर.

पन्हाळ्याला एकदा नेली. चढताना वाघबीळच्या पुढं चाकाचा स्वतःचा जोर पाय वर ओढून देतो, त्याची गंमत वाटते. उतरताना ताशी चाळीसचा वेग धरला तर पायांना मिनिटाला सव्वाशेच्या वर फेरे मारावे लागतात. ब्रेक दाबत, पाय रेटत खाली आलो. शेजारून एक पोरगा गिअरच्या सायकलीवर, हाताची घडी घालून, टिकटिकत निघून गेला.

परवा मामांनी एक चक्कर मारायला मागितली. बिंदू चौकापर्यंत जाऊन आले, उतरताना दोनदा पाय टेकवावे लागले, बोलले काही नाहीत. मग टपरीत जाऊन माझे काढलेले गिअर असलेलं खोकं घेऊन आले. जोतिबाच्या पायथ्याचं एक कॉलेजचं पोर आहे, त्याला हवेत म्हणे.

"किती सांगू त्याला?"

"तुम्हीच ठरवा, मामा."

"मग तुमचं काढायचं बिल त्याच्याकडनंच वसूल करतो," म्हणाले आणि खोकं परत आत घेऊन गेले.