खुब्यांची काळजी सगळ्यांना, मनगटांची कुणालाच नाही

माझे दोन्ही खुबे कृत्रिम आहेत. आमवात सातवीत असतानाच मागे लागला, पंचविशीच्या आत खुबे पार झिजले आणि एकामागून एक बदलावे लागले. त्यामुळे मूल हवंय म्हटल्यावर सगळ्यांना आधी खुबेच आठवले. एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी तर फाइल न उघडताच "तुमचं सिझरच" असं सांगून टाकलं. रामदासपेठेतल्या माझ्या नेहमीच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी मात्र पहिला विषय काढला तो गोळ्यांचा.

मी आमवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्यायची. ही गोळी पोटातल्या बाळाला घातक. गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग राहू शकतं. म्हणून ती बंद करून तीन महिने थांबायचं, तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. तिच्या जागी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलॅझिन आलं, जोडीला रोज 5 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कमी मात्रेत चालूच होतं. रक्तात रो अँटिबॉडी आहेत का तेही तपासलं, कारण त्या असल्या तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. माझ्यात नव्हत्या. मानेचा एक्स-रेही दिवस जायच्या आधीच काढून घेतला. आमवातात मानेचे वरचे मणके सैल पडू शकतात, आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला ते आधी ठाऊक असावं लागतं.

दिवस गेले आणि सांधे चक्क शांत झाले. बऱ्याच जणींना गरोदरपणात असा आराम पडतो, सगळ्यांना नाही. सकाळी बोटं आखडायची ती थांबली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, बाळानं आईचं दुखणं ओढून घेतलं." डॉक्टरांनी मात्र बजावलं, हे उधारीवर आहे, बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत उलटू शकतं. तोवर दुखलंच तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बंद, त्या बाळाच्या मूत्रपिंडांना त्रास देतात.

आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ बदलले. नव्या मॅडम म्हणाल्या, "नुसते खुबे बदललेत म्हणून सिझर करत नाहीत. पाय किती उघडतात ते बघू." आठव्या महिन्यात त्यांनी मला टेबलावर झोपवून रंगीत तालीमच घेतली. डाव्या कुशीवर वळायचं, वरचा पाय सिस्टरनं धरायचा, गुडघे पोटाशी ओढायचे नाहीत. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं : खुबा काटकोनापलीकडे वाकवू नये, पाय एकमेकांवर आणू नयेत, पाऊल आत वळवू नये. कमरेखाली बधीर असताना कुणी पाय भलतीकडे वळवला तर मला कळणारच नाही आणि सांधा निखळेल, म्हणून हा खटाटोप.

आणि एवढं करून झालं सिझरच. कळा चालू असताना बाळाचे ठोके उतरायला लागले, मग वाट बघण्यात अर्थ नव्हता. पण लाल पेन वाया गेलं नाही. पाठीत इंजेक्शन देताना पेशंटला सहसा बसवून पुढे वाकवतात, म्हणजे नेमका खुबाच दुमडतो. भूलतज्ज्ञांनी ते पान वाचलं आणि इंजेक्शन कुशीवर झोपवूनच दिलं. मी स्टेरॉइडवर असल्यानं सलाईनमधून हायड्रोकॉर्टिसोन हे जादा स्टेरॉइडही दिलं. टेबलावरून ट्रॉलीवर घेताना सिस्टर ओरडली, "आधी मधात उशी, मग पाय!" मुलगी झाली. वजन बरं होतं, आवाज खणखणीत.

मे महिन्यातलं नागपूर, पारा 45 च्या घरात. आईचं म्हणणं, बाळंतिणीला वारा लागला की सांधे धरतात, कूलर बंद. माझं म्हणणं, माझे सांधे जन्मभराचे धरलेलेच आहेत, आता घामोळ्यांची भर नको. कूलरचं तोंड भिंतीकडे वळवून तह झाला.

खरी लढाई पुढे होती. सहाव्या आठवड्यात मनगटं सुजली, आणि खुब्यांची काळजी करणाऱ्या एवढ्या माणसांपैकी एकानंही मला मनगटांचं काही विचारलं नव्हतं. झबल्याच्या नाड्या बांधता येईनात. दुपट्याची गाठ सुटेना. बाळाच्या काखेत हात घालून उचलायला गेलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. मालिशवाली बाई पाय पसरून पाटावर बसायची, मुलीला नडग्यांवर घ्यायची आणि तांब्यानं पाणी घालायची. "काहून वं माय, तुले खाली बसता येत नाही का? मग हिले आंघोळ कोण घालीन?" तिचा प्रश्न रास्त होता.

मग घरच उंच केलं. आंघोळीचा टब जेवणाच्या टेबलावर आला. नाड्यांची झबली बहिणीला दिली, पुढून चिकटपट्टी असलेली आणली. फिजिओथेरपिस्टनं शिकवलं, बाळाला पंजानं उचलायचं नाही, कोपरापर्यंतचा हात त्याच्या पाठीखाली सरकवायचा आणि छातीशी घेऊनच उठायचं. पाजताना मांडीवर दोन उशा ठेवायच्या, म्हणजे वजन उशीवर जातं. रात्री मनगटाला पट्टा. नवरा आधी बाळाला घ्यायला घाबरायचा, पण रात्रीचं उचलणं त्याच्याकडेच गेलं आणि महिन्याभरात त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला.

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन थोडं वाढवलं, बाकीच्या गोळ्या तशाच ठेवल्या. त्या घेत पाजता येतं. मेथोट्रेक्सेट घेऊन येत नाही. म्हणून ती तेवढी लांबवली आणि वर्षभर मनगटं जमेल तशी सांभाळली. दूध सुटल्यावर आधी कॉपर-टी, मगच मेथोट्रेक्सेट, हा क्रम डॉक्टरांनी दोनदोनदा बजावला. हळदीकुंकवाला "दुसरं कधी?" विचारणाऱ्या काकूंना मी तो सांगत बसत नाही, वाण घेते आणि पुढच्या घरी जाते.