ईम गाव बघायचं तर हॅनकॉकांच्या शेतापर्यंत चाला

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागातलं हे छोटं गाव. नावाचा उच्चार 'ईम'. शेफील्डहून बस मिळते, पण परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.

सुरुवात सेंट लॉरेन्स चर्चपासून करा. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापड आलं आणि त्याबरोबर प्लेग आला, असं गाव सांगतं. पहिला गेला शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स. जून १६६६ मध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी प्लेग बाहेर पसरू नये म्हणून गावकऱ्यांना शीव न ओलांडण्यासाठी राजी केलं. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं दगावली. प्लेगने मेलेल्यांची नावं चर्चमध्ये वाचायला मिळतात. ती सावकाश वाचा, वहीत उतरवून घ्या. एकच आडनाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं की पुढे गावातल्या घरांवरच्या, तिथे मेलेल्यांची नावं सांगणाऱ्या पाट्या वेगळ्याच दिसतात. त्या घरांत आजही लोक राहतात, तेव्हा खिडकीतून डोकावू नका. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. तिची कबर चर्चच्या आवारातच, जुन्या सॅक्सन क्रूसाजवळ आहे.

शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवर शिवेचा दगड आहे. नाण्यांतून रोग जाऊ नये म्हणून त्याच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी आणून ठेवलेला शिधा उचलायचा, अशी रीत होती. मी त्या खळग्यात बोट घातलं आणि बराच वेळ तिथून हलले नाही.

गावाच्या पूर्वेला, साधारण अर्ध्या मैलावर राइलीच्या कबरी आहेत; राइली हे हॅनकॉकांच्या शेताचं नाव. एलिझाबेथ हॅनकॉकने ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. संसर्गाच्या भीतीने मदतीला कोणी आलं नाही. खड्डे तिनेच खणले. आता उघड्या शेतात दगडी कुंपणाआड ते दगड उभे आहेत. वाट चढाची आहे आणि पावसानंतर चिखल होतो, म्हणून बूट घालून जा.

कुणाला या परिसरातली घराणी शोधायची असतील तर एक लक्षात ठेवा: जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासूनची, त्याआधीचा आधार चर्चच्या नोंदवह्यांचा. त्यासाठी मॅटलॉकच्या जिल्हा अभिलेखागारात जायचं असेल तर एक दिवस वेगळा राखा. गावातलं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं. वेळ कमी पडला तर ते सोडा, राइली सोडू नका.