पाठ फिरवून ऐकताना

"मामा, हे स्वस्तातलं होतं," धरमपेठेतल्या सरावाच्या खोलीत भाचा हळूच म्हणाला, आणि गिटारच्या दोन पेडल्सपैकी महागडे कोणते हे पाठ फिरवून, नुसते ऐकून ओळखू पाहणारा मी क्षणभर निरुत्तर झालो.

दोन्ही ओव्हरड्राइव्ह पेडल्स, म्हणजे गिटारचा आवाज किंचित फाटल्यासारखा करणारी उपकरणे, बिल फिनेगन यांच्या १९९४ च्या क्लॉन सेंटॉर या पेडलवर बेतलेली आहेत. त्यातले एक कारागिराने हाताने जोडलेले, दुसरे त्याच्या किमतीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात मिळालेले. मूळ पेडलचे सर्किट दिसू नये म्हणून फिनेगन यांनी त्यावर इपॉक्सीचा थर ओतला होता, तरी ते उलगडले गेलेच.

गेन, म्हणजे आवाज फाटण्याचे प्रमाण, वाढवल्यावर महागड्या पेडलचे खालचे सूर मला अधिक सुटे वाटले होते. मात्र दोन्हींच्या आवाजाची पातळी जुळवल्यावर तो फरक बराचसा विरला. किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो, हे ठाऊक असूनही मी आजवर पातळी न जुळवताच निवाडा देत आलो.

तुम्ही कधी असे ऐकून पाहिले आहे का?