‘आम्ही आयएसओ सर्टिफाइड आहोत मॅडम’ : एका पीडीएफच्या मागे लागल्याचा माझा अनुभव

ऑफिसचा डेटा, मेल, बॅकअप सगळं बाहेरच्या एखाद्या कंपनीकडे सांभाळायला द्यायचं ठरलं आणि ‘तू बघ जरा चांगल्या कंपन्या’ म्हणत ते काम माझ्या गळ्यात मारलं गेलं. मी आयटीवाली नाही, मी खरेदी आणि हिशेब बघते. बजेट मंजूर झालं, यादी झाली, डेमो झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळं अडलं ते एका सर्टिफिकेटवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहायला घेतलंय.

आधी वेबसाइट्सचं सांगते. चारपाच ओळीने उघडा, कंपनीचं नाव झाकलं तर कुठली कुणाची ओळखता येणार नाही. जागतिक दर्जा, एंड-टू-एंड सोल्युशन, एआय-पॉवर्ड, ग्राहक हाच केंद्रबिंदू. मी होमपेजच्या प्रिंट काढल्या आणि ज्या वाक्यात खोटं ठरू शकेल असं काहीच नाही ते वाक्य पेनने खोडत गेले. एका पानावर शेवटी फक्त पत्ता आणि फोन नंबर उरला. उरलेल्या वाक्यांनाच प्रश्न विचारायचे, बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

तर ते सर्टिफिकेट. यादीतली जी कंपनी सगळ्यांना आवडली होती (डेमो खरंच छान दिला होता), तिच्या साइटवर अगदी खाली गोल लोगो, ‘आयएसओ २७००१ सर्टिफाइड’. माहितीच्या सुरक्षेचं स्टँडर्ड आहे ते, आम्हाला नेमकं तेच हवं होतं. मी मेल केला, सर्टिफिकेटची कॉपी पाठवा. ‘शुअर मॅडम, आजच पाठवतो.’ काय आलं? ब्रोशर. त्यात तोच गोल लोगो, जरा मोठा. परत मेल केला, फोन केला, तर म्हणे ते कॉन्फिडेन्शियल आहे मॅडम, मॅनेजमेंटची परवानगी लागेल. आता हे कुणी तुम्हाला सांगितलं तर ऐकून घेऊ नका. आतले ऑडिट रिपोर्ट गोपनीय असतात हे मान्य, पण सर्टिफिकेट हे दाखवण्यासाठीच असतं, ज्याच्याकडे असतं तो न मागता मेलला जोडून पाठवतो. आमच्या यादीतल्या दुसऱ्या एका कंपनीने अगदी तसंच केलं होतं.

मग बरेच दिवस शांतता. फोन केला की ‘टीमला फॉलोअप करतो’. आणि एक दिवस खरंच सर्टिफिकेट आलं, मी खुश, उघडलं तर त्यावर नाव भलत्याच कंपनीचं! ज्या मोठ्या क्लाउड कंपनीचे सर्व्हर हे लोक भाड्याने घेतात तिचं. विचारलं तर उत्तर, ‘मॅडम, आमचं सगळं त्यांच्यावरच होस्टेड आहे ना, म्हणजे आम्ही पण कव्हर होतो.’ भाडेकरूने घरमालकाची डिग्री दाखवून नोकरी मागावी तसला प्रकार. क्लाउडवाल्याचं सर्टिफिकेट त्याच्या इमारती, मशीन, त्याची माणसं यांच्यापुरतं. त्या मशीनवर आमचा डेटा कोण उघडणार, पासवर्ड कोणाकडे, माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा अ‍ॅक्सेस कधी बंद होणार, हे सगळं या कंपनीच्या हातात, आणि त्याबद्दल त्या कागदात एक अक्षर नाही. क्लाउडवाले स्वतःसुद्धा हेच सांगतात, सुरक्षेची जबाबदारी वाटून घेतलेली असते, काही आमची काही तुमची.

मी हे सगळं मेलमध्ये लिहिलं आणि त्यांच्या सेल्सहेडला सीसी केलं. (हे पहिल्याच आठवड्यात करा. फोनवर सगळे गोड बोलतात, लेखी विचारलं की उत्तर बदलतं.) तेव्हा कुठे त्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट बाहेर आलं. म्हणजे होतं त्यांच्याकडे! मग एवढी लपवाछपवी कशाला, ते ‘स्कोप’ची, म्हणजे सर्टिफिकेट नेमकं कुठल्या कामांना लागू आहे ती ओळ वाचल्यावर कळलं. हेल्पडेस्क सेवा आणि सॉफ्टवेअर परवान्यांची विक्री, एका ऑफिसपुरती. बस. डेटा सांभाळणं नाही, बॅकअप नाही, आम्ही ज्याचे पैसे देणार होतो त्यातलं काहीच नाही. वर स्टँडर्डचं साल २०१३. त्याची नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि जुन्यावरून नव्यावर यायची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणजे तो कागद तसाही शिळा. लोगो खोटा नव्हता असं त्यांचं म्हणणं. असेल बाबा. आम्ही त्यांना यादीतून काढलं आणि मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

या भानगडीत जे कळलं ते सांगते. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त स्टँडर्ड बनवते आणि आपला लोगो असा वापरूही देत नाही, त्यामुळे साइटवर खुद्द आयएसओचाच लोगो दिसला तर तिथेच भुवई उंचावायला हरकत नाही. सर्टिफिकेट देणारी संस्था वेगळी, आणि तिलाही मान्यता देणारी आणखी वेगळी संस्था असते, तिची खूण कागदावर आहे का बघायचं. मुदत साधारण ३ वर्षं, मध्ये दरवर्षी तपासणी. आयएएफ सर्टसर्च नावाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून शोधता येतं, तिथे सापडलं नाही तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला सरळ मेल टाकायचा, आम्हाला उत्तर आलं. पण सगळ्यात आधी स्कोप वाचा. सगळा खेळ त्या दोन ओळींत असतो.

सॉक २ चा (कंपनी ग्राहकांचा डेटा कसा सांभाळते त्याच्या तपासणीचा) दावा असेल तर ते सर्टिफिकेट नसून ऑडिटरचा रिपोर्ट असतो आणि तो सहसा एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार करूनच मिळतो, तिथे गोपनीय म्हणाले तर ते खरं आहे. टाइप १ म्हणजे एका तारखेला काय स्थिती होती ते, टाइप २ म्हणजे काही महिने सगळं खरंच पाळलं का ते. टाइप २ मागा, आणि ऑडिटरने कुठे काय चुकलेलं लिहिलंय तो भाग वाचा.

अपटाइमचं, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील त्याचं राहिलं. ९९.९ टक्के ऐकायला भारी वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद आणि वर्षाला पावणेनऊ तास. ९९.९९ म्हणजे वर्षाला जेमतेम ५३ मिनिटं. एका कंपनीच्या होमपेजवर ९९.९९ होतं आणि कराराच्या ड्राफ्टमध्ये ९९.५, म्हणजे महिन्याला साडेतीन तासांच्या वर! शिवाय आधी कळवून केलेलं मेंटेनन्स त्यात धरत नाहीत, आणि भरपाई म्हणजे पुढच्या बिलात थोडी सूट, तीही तुम्ही मुदतीत मागितली तरच.

मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) हा माझा आवडता दावा. ते बहुतेक वेळा एईएस-२५६ नावाची पद्धत असतं, अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २००१ मध्ये स्टँडर्ड म्हणून जाहीर केलेलं, तुमच्या आमच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये फुकट असतं. त्यात कंपनीचं काय कौतुक? ते कुलूप उघडायच्या डिजिटल किल्ल्या कोणाकडे असतात आणि बॅकअपही एन्क्रिप्ट होतो का, ते विचारा.

हां, पार्टनर बॅज, म्हणजे मोठ्या कंपनीचे भागीदार असल्याचा बिल्ला. मायक्रोसॉफ्टने गोल्ड आणि सिल्व्हर पार्टनर हा प्रकार ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद करून सोल्युशन्स पार्टनर आणलं, तरी ‘गोल्ड पार्टनर’ मिरवणारी साइट मला दिसली, म्हणजे ते पान कुणी वर्षानुवर्षं उघडूनही बघितलं नसणार. आणि अनुभवाची वर्षं तपासायला वेबॅक मशीन. साइटचं जुनं रूप बघता येतं, एका कंपनीचा आत्ताचा ‘क्लाउड तज्ज्ञ’ तीन वर्षांमागे चक्क प्रिंटर दुरुस्ती करत होता. त्यात वाईट काही नाही, पण मग ‘१५ वर्षांचा क्लाउडचा अनुभव’ कशाला लिहायचा.

ग्राहकांच्या लोगोंवर जाऊ नका, एकदा लायसन्स विकलं तरी लोगो लागतो. दोन वर्षं टिकलेला एक ग्राहक आणि सोडून गेलेला एक, असे दोन नंबर मागा. दुसरा नंबर एकाच कंपनीने दिला, आणि त्या सोडून गेलेल्या माणसानेही त्यांच्याबद्दल बरंच चांगलं सांगितलं, फक्त रात्रीचा सपोर्ट ढिला आहे म्हणाला.

काम शेवटी त्यांनाच दिलं. सही करायच्या आधी आमच्या वकिलांनी करारातल्या एका कलमावर बोट ठेवलं, या करारात लिहिलंय तेवढंच खरं, आधीचं तोंडी, लेखी, वेबसाइटवरचं काही धरलं जाणार नाही. बहुतेक करारांत असतं म्हणे ते. मग मी साइटवरचे आम्हाला हवे ते दावे उचलले, अपटाइम, बॅकअप किती वेळाने, सर्टिफिकेटचा स्कोप, आणि ते परिशिष्टात घाला म्हटलं. रात्रीच्या सपोर्टची उत्तर द्यायची वेळही घातली. त्यांनी दोन आकडे खाली आणले, बाकीचे तसेच ठेवले आणि सही केली.