"जेवलास का रे?"

"आई, रात्र झालीय, बाहेर जाऊ नकोस." शेजारच्या काकूंच्या दाराला सेन्सर बसवलाय. दार उघडलं की दुबईतल्या मुलाचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो.

काल मी तिथेच होते. काकूंनी कडी काढली, आवाज आला. त्या थबकल्या, फटीतून डोकावल्या. "मग तू आत ये ना. जेवलास का रे?"

इंग्लंडमध्ये काकूंसारख्या, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या 495 जणांवर 'अटिला' नावाची चाचणी झाली. निकाल 2021 चा: अशी भरपूर उपकरणं मिळालेली माणसं, साध्या अलार्मवर भागवणाऱ्यांपेक्षा जास्त काळ काही स्वतःच्या घरी राहिली नाहीत. सांभाळणाऱ्यांचा ताणही हटला नाही.

काकूंना सांभाळणाऱ्या वहिनींना हे सांगितलं. म्हणाल्या, "असेल बाई. पण मला रात्री जरा डोळा लागतो."

आता यावर काय बोलणार?